रामघाटावरच्या वह्या आणि उज्जैनचे विद्यापीठ

उज्जैनच्या रामघाटावर यात्रेकरू येतो तो स्नानासाठी, श्राद्धासाठी किंवा बारा वर्षांनी भरणाऱ्या सिंहस्थासाठी. तेथील तीर्थपुरोहित त्याला प्रथम विचारतात ते गाव आणि आडनाव. उत्तर मिळाले की लाल कापडात बांधलेली लांबट वही उघडते आणि यजमानाच्या आजोबा-पणजोबांची नावे वाचून दाखवली जातात. कोण केव्हा आले, बरोबर कोण होते, कोणाचे श्राद्ध केले, एवढाच तपशील. शासकीय सेवेत आयुष्याची बरीच वर्षे दप्तरात गेल्यामुळे असेल कदाचित, पण मला रामघाटाचे माहात्म्य सर्वांत अधिक ह्या वह्यांत जाणवत आले आहे. नोंद करणारा गेला तरी नोंद राहते आणि पुढचा माणूस त्याच पानावर खाली लिहितो. विद्येचा व्यवहार मुळात ह्याहून निराळा नसतो.

ह्याच नगरीत १९५७ साली विक्रम विद्यापीठ स्थापन झाले. घाट जुन्या शहरात, विद्यापीठाचा परिसर नव्या वस्तीत. अंतर थोडे असले तरी दोहोंचा संबंध वरवर पाहता जाणवत नाही. तो संबंध आहे, आणि त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे, हे येथे थोडे विस्ताराने सांगावयाचे आहे.

अठराव्या शतकात माळवा मराठ्यांच्या ताब्यात आला तेव्हा राणोजी शिंद्यांनी उज्जैन हे आपले मुख्य ठाणे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर ह्यांनी महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये राजधानी ग्वाल्हेरला हलविली आणि उज्जैनचे राजकीय महत्त्व ओसरले. सत्ता गेली, पण कारकून, पुरोहित, शास्त्री, वैद्य अशी मराठी घरे मागे राहिली. राजधानी नसलेल्या शहरात माणसाला वाचन-लेखनाला जरा अधिक सवड मिळते, असे माझे मत आहे. पुराव्याने ते सिद्ध करता येणार नाही.

विद्यापीठापूर्वीची उज्जैनची विद्या दोन ठिकाणी सांभाळली गेली. पहिले ठिकाण वेधशाळा. माळव्याचे सुभेदार असताना सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती क्षिप्रेच्या काठी बांधली. भारतीय ज्योतिषाने उज्जयिनीची रेषा शून्य रेखांश मानली होती, तेव्हा जागेची निवड स्वाभाविक होती. पुढे यंत्रे मोडकळीस आली. १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांच्या काळात त्यांचा जीर्णोद्धार झाला, तो गोविंद सदाशिव आपटे ह्या मराठी ज्योतिर्गणित्याच्या मार्गदर्शनाखाली. आपटे वेधशाळेचे अधीक्षकही होते. सम्राट यंत्र, नाडीवलय, दिगंश, भित्ती ह्या यंत्रांचे दगड पुन्हा बसविणे म्हणजे केवळ गवंडीकाम नव्हे. प्रत्येक उताराचा कोन त्या स्थानाच्या अक्षांशाशी जुळावा लागतो, अन्यथा यंत्र शोभेचे राहते. आपटे ह्यांच्या हातून ते पुन्हा वेध घेण्याजोगे झाले.

दुसरे ठिकाण हस्तलिखितांचा संग्रह. १९३१ मध्ये ग्वाल्हेर संस्थानच्या आश्रयाने उज्जैनला प्राच्य हस्तलिखितांचे ग्रंथालय सुरू झाले. तेच पुढे सिंधिया प्राच्य शोध संस्थान ह्या नावाने प्रसिद्धीस आले आणि विक्रम विद्यापीठाचे अंग बनले. घरोघरच्या फडताळांतून, मठांतून आणि शास्त्र्यांच्या वंशजांकडून पोथ्या गोळा करण्यात आल्या आणि काही वर्षांतच त्यांची सूची छापून निघाली. सदाशिव लक्ष्मीधर कात्रे हे ह्या संस्थेत काम करणारे मराठी विद्वान. संग्रहातील एखादी दुर्लक्षित पोथी घ्यावी, तिचा काळ व कर्ता ठरवावा आणि शोधपत्रिकेत तिचा परिचय करून द्यावा, हे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. अशा कामाला टाळ्या मिळत नाहीत. पण वाळवीच्या आणि विस्मरणाच्या तोंडून एक पोथी सुटते.

विद्यापीठाच्या कल्पनेला चालना मिळाली ती विक्रम संवताची दोन हजार वर्षे १९४३-४४ च्या सुमारास पूर्ण झाली तेव्हा. ह्या उत्सवामागचे मुख्य प्रेरक पंडित सूर्यनारायण व्यास हे ज्योतिषी आणि ‘विक्रम’ मासिकाचे संपादक. त्यांच्या आग्रहाला जिवाजीराव शिंद्यांचे पाठबळ मिळाले. मिरवणुका आणि भाषणे ह्यांवर न थांबता विक्रमाच्या नावाने विद्यापीठ, स्मारकमंदिर आणि कालिदासाचा महोत्सव व्हावा, अशी ती योजना होती. पुढील पंधरा-वीस वर्षांत ह्या तिन्ही गोष्टी उभ्या राहिल्या, हे आजच्या घोषणांच्या काळात मुद्दाम नमूद करण्यासारखे आहे. मध्यभारत राज्यात राजधानीचा मान ग्वाल्हेर व इंदूर ह्यांनी हिवाळा-उन्हाळा असा वाटून घेतला होता. उज्जैनच्या पदरात विद्यापीठ पडले. तोपर्यंत येथील महाविद्यालये आग्रा विद्यापीठाला जोडलेली होती. १९६४ मध्ये इंदूर विद्यापीठ आणि ग्वाल्हेरचे जिवाजी विद्यापीठ निराळे निघाल्यावर विक्रमचा पसारा आटला आणि ते खऱ्या अर्थाने उज्जैनचे झाले.

ते नावारूपाला येत होते त्या काळातील एका माणसाबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे. विष्णू श्रीधर वाकणकर ह्यांचा जन्म ४ मे १९१९ रोजी नीमचला झाला. उज्जैनकरांचे ते हरिभाऊ. मूळचे चित्रकार; भारती कला भवन ही त्यांची संस्था मुलांना रेखाटन शिकवीत असे. १९५७ मध्ये, म्हणजे विद्यापीठ स्थापन झाले त्याच वर्षी, भोपाळजवळून रेल्वेने जाताना त्यांना डोंगरावरचे खडक दिसले आणि ते पाहावयास गेले. तेथे भीमबेटका सापडले. ७०० हून अधिक शैलाश्रय, त्यांतील शेकडो चित्रांकित. चित्रकाराचा हात असल्यामुळे रंगांचे एकावर एक आलेले थर कोणत्या क्रमाने चढले, हे त्यांना पुस्तकी पुरातत्त्वज्ञापेक्षा अधिक सहज उमगले असावे. भीमबेटकाचे पद्धतशीर उत्खनन १९७० च्या दशकात झाले. त्यात विक्रम विद्यापीठ आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज ह्या दोन्ही ठिकाणचे संशोधक होते. २००३ मध्ये त्या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. वाकणकर त्यापूर्वीच, १९८८ मध्ये, निवर्तले होते.

येथे तारखांचा एक क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. भीमबेटकाचा शोध १९५७ चा. शैलाश्रयांवरील प्रबंधासाठी पुणे विद्यापीठाची पीएच.डी. १९७३ ची. पद्मश्री १९७५ ची. पदवीच्या आधी सोळा वर्षे शोध लागला होता, आणि त्या सोळा वर्षांत त्यांनी उत्खननेही केली. एक चित्रकला शिक्षक विद्यापीठाच्या वतीने खणतो आहे, हे आजच्या नियमांत बसविणे अवघड जाईल. अर्हतेच्या रकान्यात काय लिहावयाचे, हा प्रश्न कोणीतरी उपस्थित करील आणि फाइल परत येईल. मी असे शेरे पुष्कळ वाचले आहेत.

त्यांच्या उत्खननांपैकी कायथ्याचे उत्खनन मला विशेष वाटते. उज्जैनच्या पूर्वेस सुमारे २५ किलोमीटरवर छोटी काली सिंधच्या काठी हे खेडे आहे. वराहमिहिराने आपले स्थान म्हणून सांगितलेले कापित्थक ते हेच, असे मानले जाते. वाकणकरांनी १९६४ मध्ये तेथील पांढरीचे महत्त्व ओळखले आणि पुढील दोन-तीन वर्षे विद्यापीठातर्फे खणले. १९६८ मध्ये डेक्कन कॉलेजचे अन्सारी व मधुकर ढवळीकर ह्यांच्यासह विद्यापीठाने संयुक्त उत्खनन केले. खालच्या थरात जी ताम्रपाषाणयुगीन वस्ती निघाली ती तोवर कोणालाच ठाऊक नव्हती. इसवी सनापूर्वी सुमारे २४०० ते २००० ह्या काळातील ह्या संस्कृतीला त्या खेड्याचेच नाव मिळाले. तांब्याच्या कुऱ्हाडी आणि बांगड्या निघाल्या, अकीक आणि इंद्रगोपाच्या माळा मडक्यात ठेवलेल्या निघाल्या, आणि एका मडक्यात संगजिऱ्याचे बारीक मणी निघाले ते सुमारे ४०,०००! ते मोजले कोणी असतील? विद्यार्थ्यांनीच. उत्खननाच्या छावणीत माती चाळणे, खापरांवर क्रमांक घालणे, रोजची वही लिहिणे ही कामे विद्यार्थ्यांच्याच वाट्याला येतात. संशोधन म्हणजे काय, हे चाळीस हजार मणी मोजताना जेवढे कळते तेवढे संशोधनपद्धतीच्या तासाला कळत नाही.

विद्यापीठाच्या पुरातत्त्व संग्रहालयाचा पाया अशाच संकलनातून घातला गेला. शिवमंगल सिंह ‘सुमन’ १९६८ ते १९७८ ह्या काळात कुलगुरू होते. हिंदीचे लोकप्रिय कवी कुलगुरू, आणि चित्रकार पुरातत्त्वज्ञ, असे ते दिवस होते. त्याही आधीच्या पिढीत माधव महाविद्यालयात प्रभाकर माचवे शिकवीत आणि गजानन माधव मुक्तिबोधही काही काळ उज्जैनला शिक्षक होते. दोघेही घरी मराठी बोलणारे. १९४३ च्या ‘तारसप्तक’ ह्या हिंदी संग्रहातील सात कवींत दोघांचा समावेश आहे. मराठी व हिंदी ह्यांच्या सीमेवर वाढलेल्या माणसांनी दोन्ही भाषांना काय दिले, हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

विद्यार्थिजीवनाविषयी लिहिताना केवळ गोड बाजू लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २६ ऑगस्ट २००६ रोजी माधव महाविद्यालयात विद्यार्थी संघाच्या निवडणुकीच्या वादातून झालेल्या गोंधळात राज्यशास्त्राचे प्राध्यापक एच. एस. सभरवाल ह्यांचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने खटला नागपूरला वर्ग केला आणि २००९ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले. त्या निकालावर भाष्य करण्याचा मला अधिकार नाही. एका शिक्षकाच्या जाण्यानंतर किती वर्गांत किती दिवस शांतता होती, ह्याची नोंद मात्र कोणत्याही न्यायालयाच्या कागदपत्रात मिळणार नाही. उज्जैनच्या विद्येचा इतिहास लिहिताना पोथ्यांबरोबर हे पानही ठेवावे लागेल.

अलीकडे विद्यापीठाची वाढ वेगाने होत आहे. येथे विभागांना ‘अध्ययनशाला’ म्हणतात. शब्द सुंदर आहे. त्यांत कृषीसारख्या नव्या विषयांची भर पडली. संस्कृत व वेदविद्येसाठी २००८ मध्ये महर्षी पाणिनी विद्यापीठ उज्जैनलाच निराळे स्थापन झाले. २०२५ मध्ये विक्रम विद्यापीठाचे नामांतर सम्राट विक्रमादित्य विद्यापीठ असे झाले. त्याची घोषणा करणारे मुख्यमंत्री मोहन यादव हे ह्याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. नामांतराबद्दल मला विशेष काही म्हणावयाचे नाही. फलक बदलतात. चिंता असेल तर ती निराळी आहे. विद्यार्थिसंख्या आणि अभ्यासक्रम वाढतात तेव्हा शुल्क येते आणि अहवाल भरघोस होतो; पण पोथ्यांच्या खोलीतील आर्द्रता मोजणारा माणूस, खापरांच्या पेट्यांवरील पुसट होत चाललेले क्रमांक पुन्हा लिहिणारा माणूस, अहवालात कोठेच दिसत नाही. त्याचे पद रिक्त राहिले तरी विद्यापीठ चालू राहते. ही रिक्तता जाणवते ती वीस-पंचवीस वर्षांनी, संशोधक पोथी मागतो आणि ती सापडत नाही तेव्हा.

नदीकडे पुन्हा येऊ. जुन्या उज्जयिनीच्या गढकालिका भागात मोरेश्वर बळवंत गर्दे ह्यांनी १९३८-३९ मध्ये आणि नंतर १९५६-५८ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केले. दुसऱ्या उत्खननात मातीचा प्रचंड तट उघडा पडला. पायाशी त्याची रुंदी सुमारे ७५ मीटर, आणि क्षिप्रेच्या बाजूला धूप होऊ नये म्हणून लाकडी ओंडक्यांचा आधार दिलेला. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या नगररचनाकारांना क्षिप्रेच्या पुराचा अभ्यास होता, हे त्या ओंडक्यांवरून कळते. आजची चिंता उलटी, नदीत पाणी राहत नाही ही. २०१४ पासून नर्मदेचे पाणी क्षिप्रेत सोडण्याची योजना सुरू झाली आणि २०१६ च्या सिंहस्थात भाविकांनी स्नान केले ते बऱ्याच अंशी त्या पाण्यात. विद्यापीठातील प्राणिशास्त्राचे संशोधक रामघाटावरून बाटलीत पाण्याचे नमुने नेतात आणि त्यांतील प्राणवायू, क्षार, जीवाणू तपासतात. घाटाच्या पायऱ्यांवर एकीकडे तर्पण चालू आणि चार पायऱ्या खाली बाटली बुडविणारा विद्यार्थी, ह्यात मला विसंगती वाटत नाही.

तीर्थपुरोहितांच्या वह्यांवर मात्र येथे अजून पुष्कळ काम होण्याजोगे आहे. कोकणातून, देशावरून, खानदेशातून कोणत्या शतकात किती कुटुंबे उज्जैनला आली, दुष्काळाच्या वर्षी यात्रा किती रोडावली, रेल्वे आल्यावर किती वाढली, स्त्रिया एकट्या केव्हापासून येऊ लागल्या, ह्या प्रश्नांची उत्तरे त्या पानांत असू शकतात. मराठी यजमानांच्या जुन्या सह्या पुष्कळदा मोडीत असतात आणि त्या वाचणारे आता थोडे राहिले आहेत. मोडी वाचनाचे शिक्षण काही महिन्यांचे आहे. पुरोहितांचा विश्वास मिळविण्याला त्याहून अधिक काळ लागतो, कारण वही ही त्यांची उपजीविका असते आणि ती परक्याच्या हाती ते सहसा देत नाहीत. इतिहासाच्या अध्ययनशालेतील दोन-तीन विद्यार्थ्यांनी आज मोडी शिकावयास प्रारंभ केला आणि आधी घाटावर नुसते जाऊन बसावयास सुरुवात केली, तर २०२८ च्या सिंहस्थाची गर्दी रामघाटावर उतरेल तेव्हा नव्या नोंदी लिहिल्या जाताना त्यांना शेजारी बसून पाहता येतील.