मॉलमधली नोकरी: पगारातून कापलेले १०५ रुपये कुठे जातात?

केनवडहून पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये नोकरीला लागलात, की सॅलरी स्लिपवर एक कपात दिसते: ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना तो लागू होतो. १४ हजार पगार असेल तर तुमचे ०.७५ टक्के, म्हणजे १०५ रुपये, कंपनीचे ३.२५ टक्के, म्हणजे ४५५.

त्यातून तुमच्यासह कुटुंबाचे उपचार होतात. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतनही मिळतं, पण संबंधित सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. इथेच बरेचदा गाडी अडते. तुम्ही कंत्राटदाराकडून लागलेले असलात तरी भरण्याची अंतिम जबाबदारी स्टोअर चालवणाऱ्या कंपनीचीच. पहिल्या पगारालाच विमा क्रमांक मागून घ्या. वर्गणी जमा झाली का, ते ईएसआयसीच्या पोर्टलवर दिसतं.