थायलंडच्या ईसान भागातील धम्म : पॅसेंजर गाडीतून पाहिलेला इतिहास

थायलंड म्हटले की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर बँकॉक येते. सोन्याने मढवलेली विहारे, पाचूचा बुद्ध, फोटो, खरेदी आणि चौथ्या दिवशी विमान. पण त्या देशातला शेतकरी-मजूर कुठे राहतो, त्याच्या घरात धम्म कसा नांदतो, हे सहलीच्या गाडीतून कळत नाही. म्हणून आम्ही काही उपासक-उपासिकांनी बँकॉकहून उबोनपर्यंतचा ५७५ किलोमीटरचा रस्ता तिसऱ्या वर्गाच्या रेल्वेने आणि साध्या बसने, मुक्काम करत-करत कापला. या भागाला तिकडे 'ईसान' म्हणतात. आपली ईशान्य दिशाच ती.

ही रेल्वे कशी आली, ते समजल्याशिवाय ईसान समजत नाही. राजा चुलालोंगकोर्न यांच्या काळात फ्रेंच मेकाँग नदीपर्यंत येऊन भिडले होते. १८९३ साली नदीपलीकडचा लाओ मुलूख फ्रेंचांनी घेतला. उरलेला प्रांत हातचा जाऊ नये म्हणून राजधानीतून तिथे लवकर पोहोचण्याची सोय हवी होती. २६ मार्च १८९७ रोजी बँकॉक ते अयुथ्या हा ७१ किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला. अयुथ्याला उतरले की स्टेशनसमोरच्या गल्लीतून नदीवर जायचे आणि होडीने पलीकडच्या जुन्या राजधानीत. तिथे शिरे तुटलेल्या बुद्धमूर्तींच्या रांगा आहेत. हे नगर १७६७ साली ब्रह्मी सैन्याने जाळले. जाळणारे बौद्ध आणि जळणारेही बौद्ध! नुसते बौद्ध म्हणवून घेतल्याने राजांची युद्धे थांबत नाहीत, हे तिथे उभे राहिल्यावर फार टोचते.

अयुथ्याच्या पुढे गाडी डोंगरात शिरते. या रानाला पूर्वी 'दोंग फाया फाय' म्हणत, म्हणजे आगीच्या धन्याचे रान. हिवतापाने माणूस परत येत नसे. रेल्वेचे काम करणारे कितीतरी मजूर इथे दगावले. आपल्या बोरघाटातही असेच झाले होते. पुढे नाव बदलून 'फाया येन', म्हणजे थंड, असे केले. आता खिडकीतून गार वारा येतो आणि फेरीवाल्या बाया चिकट भात व भाजलेली कोंबडी विकत डब्यातून फिरतात. १९०० साली गाडी कोराटला पोहोचली. कोराटहून बसने साधारण साठ किलोमीटरवर फिमाई आहे. तेथील ख्मेर काळातले दगडी मंदिर महायानी बौद्धांचे आहे. ते जरूर पाहावे.

कोराट ते उबोन हे उरलेले अंतर ३११ किलोमीटर. ते पूर्ण व्हायला १९३० साल उजाडले. म्हणजे तीस वर्षे या भागात माणसे बैलगाडीने आणि पायीच फिरत होती. पण राजधानीचा अंमल मात्र रेल्वेची वाट बघत बसला नाही. नवे कर आले, जुन्या स्थानिक सरदारांचे अधिकार गेले. १९०१-०२ मध्ये गांजलेल्या लोकांनी पुण्यवान पुरुषांच्या नावाने उठाव केला, तो सैन्याने चिरडला. त्याच १९०२ साली संघाचा कायदा झाला आणि गावोगावचे भिक्खू बँकॉकच्या शिस्तीखाली, बँकॉकच्या परीक्षेखाली आले. ईसानी माणसाची बोली लाओ, रंग सावळा, खिसा रिकामा. राजधानीत त्याला अडाणी खेडवळ समजत. ही वागणूक आपल्याला नवी नाही.

आणि बघा, नेमक्या याच मुलखातून आचान मून निघाले. 'आचान' म्हणजे आपला आचार्य. जन्म १८७०, उबोन भागातल्या खेड्यात, उपसंपदा १८९३. चिवर, पात्र आणि छत्री-मच्छरदाणी घेऊन ते रानोमाळ पायी फिरले, झाडाखाली ध्यान केले, शेतकऱ्याच्या दारातला भात खाल्ला. अशा फिरत्या भिक्खूंवर वरिष्ठांचा विश्वास नव्हता. १९२६ च्या सुमारास उबोन भागातून त्यांना हुसकावण्याचा प्रयत्नही झाला. १९४९ साली आचान मून गेले, तोवर त्यांचे शिष्य ईसानभर पसरले होते. त्यांना भेटून प्रेरणा घेतलेले आचान छा (१९१८-१९९२) हेही उबोनचेच. त्यांनी १९५४ साली वाट नोंग पा पोंग हा अरण्यविहार स्थापन केला. आज परदेशातले लोक बँकॉक ओलांडून या खेड्यात ध्यान शिकायला येतात.

सगळेच आपल्या मनाला पटेल असे नाही. ताईत आणि भविष्य यांचा बाजार तिथल्या विहारांतही आहे. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने तिथे डोळे उघडे ठेवावेत. बसमध्ये भिक्खूंसाठी जागा राखीव असते, ते छान वाटले. पण बाईने त्यांच्या शेजारी बसायचे नाही, हा रिवाज आमच्या उपासिकांना खटकला. १९२८ च्या हुकमाने तिथल्या भिक्खूंना स्त्रियांना दीक्षा देण्यास बंदी केली. म्हणून धम्मानंदा यांना २००३ साली श्रीलंकेत जाऊन भिक्खुणी व्हावे लागले. तिथला अधिकृत संघ आजही भिक्खुणींना मान्यता देत नाही.

एक गमतीची गोष्ट. थाई कॅलेंडरवर बुद्धाब्द असते, इसवी सनात ५४३ मिळवून. त्यामुळे तिथे २५०० वे वर्ष १९५७ साली साजरे झाले. आपल्याकडे ते १९५६ साली झाले, नागपूरच्या दीक्षेच्या वर्षी.

जाणाऱ्यांसाठी थोडे. लांब पल्ल्याच्या गाड्या २०२३ पासून हुआ लाम्फोंगऐवजी बँकॉकच्या नव्या मोठ्या स्थानकातून सुटतात. उबोनचे स्टेशन शहरात नाही, मून नदीच्या अलीकडे वारिन चामराप येथे आहे. अरण्यविहारही याच बाजूला आहे. स्टेशनवरून 'सोंगथेव' मिळते, म्हणजे दोन समोरासमोर बाकांचा टेम्पो. भिक्खू दुपारच्या आत एकदाच जेवतात, तेव्हा दान द्यायचे तर सकाळीच पोहोचावे. २०२४ च्या फेब्रुवारीमध्ये भारतातून तथागतांच्या आणि सारिपुत्त-मोग्गल्लान यांच्या पवित्र अस्थी दर्शनासाठी थायलंडला नेल्या होत्या. बँकॉक आणि चियांग माई झाल्यावर त्यांचा तिसरा मुक्काम उबोनला होता.