चरीचा शेतकरी संप

चरीचा शेतकरी संप : (१९३३–३९). कुलाबा (विद्यमान रायगड) जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यातील कुळांनी खोत व सावकार-जमीनदार यांच्याविरुद्ध केलेला दीर्घकालीन संप. चरी हे त्याचे केंद्र, परिसरातील सु. २५ गावे त्यात सहभागी झाली.

पार्श्वभूमी : खोत हा मुळात सरकारसाठी गावचा सारा गोळा करणारा वतनदार. कुळांकडून अर्धेल वा तिर्धेल, म्हणजे पिकाचा अर्धा वा तिसरा हिस्सा, घेऊन ठरलेला सारा भरल्यावर उरलेले धान्य त्याच्या पदरात पडे. बी-बियाणे, बैल व मेहनत कुळाची; खंडाव्यतिरिक्त वेठ व फुकटचा फाळा हेही कुळावरच. जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसूनही कुळाजवळ हक्काचा पुरावा नसे. नापिकीच्या वर्षी खंड थकला, की बाकी कर्जरूपाने वाढे व पुढे जमीन काढून घेतली जाण्याचे भय राही. एकेकट्या कुळाने तक्रार केल्यास त्याच्या जागी दुसरे कूळ ठेवणे जमीनदारास सोपे होते; म्हणून प्रतिकार सामुदायिकच असावयास हवा होता.

संप : नारायण नागू पाटील यांनी कुलाबा जिल्हा शेतकरी संघाद्वारे कुळांना संघटित केले. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी येथील सभेत संपाचा निर्णय झाला. खंड थकविण्याऐवजी जमीनच न कसण्याचे हे अस्त्र होते. त्यामुळे जमीनदाराचे उत्पन्न थांबले. परंतु कुळाच्या घरातील भातही संपले. मोलमजुरी व लाकूडफाट्याची विक्री यांवर कुटुंबांनी दिवस काढले. जमीन पडीक राहिली, तरी तीवर दुसरे कूळ येऊ नये यासाठी गावांची एकजूट टिकविणे, हीच संपाची खरी कसोटी होती.

बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३४ मध्ये चरी येथील शेतकरी परिषदेस उपस्थित राहून संपास पाठिंबा दिला. त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने (स्थापना १९३६) हा प्रश्न विधिमंडळात नेला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले व १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर नेण्यात आला. पाटील यांनी १९३७ मध्ये सुरू केलेल्या कृषीवल या पत्राने चळवळीस वाणी दिली. महसूलमंत्री मोरारजी देसाई यांनी चरीस भेट दिल्यावर तडजोडीचा मार्ग खुला झाला व १९३९ मध्ये संप मिटला.

फलश्रुती : १९३९ च्या मुंबई कुळकायद्याने दीर्घकाळ जमीन कसणाऱ्यांस ‘संरक्षित कूळ’ हा दर्जा दिला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याने खंडास कमाल मर्यादा घातली आणि १९४९ च्या कायद्याने खोती रद्द केली. १९५६ च्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरून कसणाऱ्या कुळास जमिनीचा खरेदीदार मानण्यात आले. हे सर्व कायदे केवळ चरीमुळे झाले असे नव्हे. तथापि कसणाऱ्याचा हक्क हा दयेचा नसून न्यायाचा प्रश्न आहे, हे या संपाने राज्यकर्त्यांच्या ध्यानी आणून दिले.