धावणाऱ्या शिकारी कुत्र्यांच्या पायांच्या बोटांच्या इजा

नजरेने सावज हेरून व वेगाने पाठलाग करून ते पकडणाऱ्या ग्रेहाउंड, सालुकी, कारवानी इ. कुत्र्यांच्या पंजांना होणाऱ्या इजा. कुत्रा बोटांवर चालतो. त्याची टाच जमिनीला टेकत नाही. पंजाच्या चार बोटांपैकी मधली दोन बोटे बहुतेक भार पेलतात. कडेची दोन वळताना आधार देतात. पुढच्या पायाचे आखूड पाचवे बोट एरवी अधांतरी असले, तरी भरधाव वळताना तेही जमिनीला घासते.

मराठवाडा व उत्तर कर्नाटक हे कारवानी कुत्र्याचे क्षेत्र होय. लांब रेशमी केसांच्या प्रकाराला पश्मी म्हणतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या कुत्र्यांच्या पैदाशीस आश्रय दिला, त्यामुळे मुधोळ हाउंड हे नावही रूढ झाले. परभणी जिल्ह्यातील ताडकळस (ता. पूर्णा) परिसरासारख्या काळ्या जमिनीत उन्हाळ्यात खोल भेगा पडतात आणि ज्वारी काढल्यावर टोकदार धसकटे उरतात. ससा ऐन वेळी वळण घेतो व त्याच्यामागे कुत्र्यालाही वळावे लागते. अशा रानात बोट भेगेत अडकून सांधा निखळणे, बोटांमधील पातळ पडदा फाटणे, नख उपटणे या इजा ओघानेच येतात. कंडरा तुटल्यास बोट कायमचे वर उचललेले राहते.

बोट तोडण्याचा इतिहास मात्र उपचारापासून सुरू होत नाही. इंग्लंडमध्ये राजाच्या राखीव वनांतील हरणांना उपद्रव होऊ नये म्हणून आसपासच्या मोठ्या कुत्र्यांना मुद्दाम पंगू करीत. दुसऱ्या हेन्रीच्या ११८४ च्या वनविषयक आदेशात ही तरतूद आढळते. १२१७ च्या वनसनदेने तिला मर्यादा घातली : पुढच्या पायाची तीन नखे गादीला धक्का न लावता छाटावीत, तपासणी दर तीन वर्षांनी व्हावी आणि कसूर करणाऱ्या मालकास तीन शिलिंग दंड व्हावा. पंजाचे महत्त्व त्या काळच्या कायदेपंडितांना पुरते ठाऊक होते, असेच म्हणावे लागते.

उपचारासाठी बोटांचा बारकाईने अभ्यास होण्यास शर्यती कारणीभूत झाल्या. यांत्रिक सशामागे कुत्रे धावविण्याची धावपट्टी अमेरिकेत एमरीव्हिल येथे १९१९ मध्ये व इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे १९२६ मध्ये सुरू झाली. तेथे कुत्रे नेहमी डावीकडे वळत असल्याने डाव्या पंजाचे बाहेरचे व उजव्या पंजाचे आतले बोट अधिक दुखावते, असे दिसून आले. निखळलेला सांधा प्रथम बसवितात, अस्थिबंध शिवतात. हाडाचा चुरा झाल्यास, संसर्ग न आवरल्यास किंवा वेदना कायम राहिल्यासच बोट काढतात. कडेचे बोट गेलेला कुत्रा पुष्कळदा पुन्हा धावतो. मधले गेल्यास शेजारच्या बोटावर जादा भार येतो. मधले बोट काढण्याची घाई म्हणूनच अनाठायी ठरते.

परभणी येथे पशुवैद्यक महाविद्यालय १९७२ मध्ये स्थापन झाले. वन्य जीव (संरक्षण) अधिनियमही त्याच वर्षीचा. १९९१ च्या दुरुस्तीनंतर सशाची शिकारही बंद झाली. कारवानी कुत्रा शेताच्या व घराच्या राखणीसाठी पाळला जातो. पण रानडुकरामागे धावताना त्याचा पंजा त्याच भेगांवर व धसकटांवर पडतो.