एक ट्रान्सफर केस, दुसरी ट्रान्सफर केस

ऑफ-रोडिंग करणारे तरुण दोस्त सुट्टीत भेटले की एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, फौजेच्या गाड्या इतक्या बेकार रस्त्यांवर चालतात, मग त्यांना दोन ट्रान्सफर केस का नसतात? अमेरिकेत तर लोक घरच्या पिकअपला बसवतात!" प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर द्यायला शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं, म्हणून हा लेख.

आधी ही चीज काय आहे ते बघू. इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून बाहेर पडते आणि साध्या गाडीत फक्त दोन चाकांकडे जाते. फोर बाय फोर गाडीत गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते. ही पेटी ताकद पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही धुऱ्यांना वाटून देते. हीच ट्रान्सफर केस. तिच्यात दुसरी एक सोय असते, ती म्हणजे 'लो'. दांडी लो मध्ये टाकली की सगळे गिअर एकदम हळू आणि जोरदार होतात. म्हणजे पेटी एक आणि कामं दोन, वाटणी आणि मंदावणं. दुसरी ट्रान्सफर केस बसवणारे लोक यातलं मंदावण्याचं काम दोनदा करून घेतात.

चारही चाकांना ताकद देण्याची कल्पना जुनी आहे, पण ती लष्करापर्यंत पोचली ती एका लहानशा वर्कशॉपमधून. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात क्लिंटनव्हिल नावाचं गाव आहे. तिथल्या ऑटो झाखो आणि विल्यम बेसरडिख या दोन कारागिरांनी १९०८ मध्ये पुढची चाकं वळतही राहतील आणि त्यांना ताकदही मिळेल अशा जोडणीचं पेटंट घेतलं. त्यातून 'फोर व्हील ड्राइव्ह' नावाचीच कंपनी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात तिचे तीन टनी 'मॉडेल बी' ट्रक हजारोंच्या संख्येने युरोपात गेले. फ्रान्समधल्या चिखलात घोडे फसत होते, तिथे तोफांचे गोळे पोचवायचं काम या ट्रकांनी केलं. ते चालत बैलगाडीपेक्षा जरा बऱ्या वेगाने, पण थांबत नसत. लष्कराला तेवढंच हवं होतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९४० च्या जुलैमध्ये, अमेरिकी लष्कराने एका हलक्या टेहळणी गाडीसाठी १३५ कंपन्यांना विचारणा पाठवली. नमुना गाडी ४९ दिवसांत हवी होती. बॅन्टम या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रोब्स्ट या इंजिनिअरने ती काढली आणि २३ सप्टेंबर १९४० ला ती मेरीलँडमधल्या कॅम्प होलाबर्डला हजर झाली. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. पण मला त्या विचारणेतली एक अट फार महत्त्वाची वाटते. गाडीला दोन वेगांची ट्रान्सफर केस हवी आणि इंजिन ताशी ३ मैलांपासून ५० मैलांपर्यंत सुरळीत चाललं पाहिजे. पन्नासचं कारण कुणालाही कळेल. तीन मैल कशाला? कारण लष्करातली गाडी अनेकदा पायी चालणाऱ्या पलटणीसोबत चालते. गाडीचा किमान वेग माणसाच्या पावलावरून ठरला होता.

हिशोब करून बघू. विलीज जीपचा पहिला गिअर २.६७, ट्रान्सफर केसचा लो १.९७ आणि धुऱ्यातलं गुणोत्तर ४.८८. तिन्हींचा गुणाकार येतो साधारण २५.६. म्हणजे इंजिन पंचवीस वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरेल. याला ऑफ-रोडवाले क्रॉल रेशो म्हणतात. इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर नुसतं गुरगुरत ठेवलं तर जीप मिनिटाला ५३ मीटरच्या आसपास सरकते, म्हणजे ताशी सव्वातीन किलोमीटर. आमच्या ड्रिलमध्ये 'धीरे चल' म्हणजे मिनिटाला ७० पावलं, प्रत्येक पाऊल ३० इंचांचं. गुणाकार करा, तेही ५३ मीटरच येतं! खडकवासल्याला 'अंतिम पग'च्या दिशेने आम्ही ज्या गतीने चाललो, त्याच गतीने जीप लो मध्ये चालते. हा योगायोग आहे, पण मला आवडतो.

ही जीप आपल्या भूमीवर आली ती युद्धातच. आसामातल्या लेडोपासून पांगसाऊ खिंडीतून ब्रह्मदेशात आणि पुढे चीनमधल्या कुनमिंगपर्यंत जो १,०७९ मैलांचा रस्ता झाला, त्यावरून पहिला काफिला १२ जानेवारी १९४५ ला निघाला आणि ४ फेब्रुवारीला कुनमिंगला पोचला. पांगसाऊ खिंड जेमतेम ३,७२७ फूट उंच आहे. लडाख बघितलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण त्या भागातली लाल माती पावसात साबणासारखी होते. चाक फिरवायचा जोर कमी पडतो म्हणून गाडी तिथे अडकत नाही, चाक एकदम भर्रकन फिरतं म्हणून अडकते. हळू फिरणारं चाक पकड धरतं. ब्रह्मदेशात याच जीपना रेल्वेची चाकं लावून रुळांवर वाघिणी ओढायलाही जुंपलं होतं.

स्वातंत्र्यानंतर महिंद्रने मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला सुरुवात केली आणि आपल्या लष्कराच्या दोन-तीन पिढ्या त्या सांगाड्यावर वाढल्या. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये खेमकरण भागात असल उत्तरच्या लढाईत ४ ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद जीपवरच्या १०६ मिलिमीटर रिकॉइललेस तोफेने पॅटन रणगाडे टिपत होते. ही तोफ डागली की मागे धुळीचा लोट उठतो आणि जागा उघडी पडते. उभ्या पिकात लपायचं, गोळा डागायचा आणि लगेच जागा बदलायची, असं ते युद्ध. नांगरलेल्या शेतातून चारही चाकांनी निघणारी हलकी गाडी नसती तर ती पद्धतच शक्य नव्हती. हमीद तिथेच शहीद झाले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

जीपच्या जोडीला जबलपूरची जोंगा आली. मूळ निसान पेट्रोल, आणि नाव जबलपूरच्या कारखान्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेलं. मग १९९० च्या दशकात जिप्सी आली. माझ्या पिढीतल्या अफसरांचं अर्धं तारुण्य जिप्सीत गेलं. जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. ती मागे वेगळी टांगलेली असते आणि मध्ये एक आखूड शाफ्ट असतो. त्यामुळे जवान ती सुटी खाली उतरवून दुरुस्त करू शकतात. जीप असो, जोंगा असो की जिप्सी, लो एकच.

आता दुसऱ्या पेटीकडे येऊ. तिची गोष्ट कॅलिफोर्नियातली आहे. सिएरा नेवाडा डोंगरांत रुबिकॉन नावाची सुमारे २२ मैलांची वाट आहे. १९५३ पासून तिथे दरवर्षी जीपवाल्यांची जत्रा भरते. ही वाट म्हणजे ग्रॅनाइटचे धोंडे, काही गाडीच्या बॉनेटएवढे. तिथे वेगाचा उपयोग नाही आणि नुसत्या जोराचाही नाही. चाक दगडावर ठेवायचं, थांबायचं आणि पुन्हा ठेवायचं. १९७९ पासून टोयोटाचा फोर बाय फोर पिकअप अमेरिकेत विकला जाऊ लागला. मजबूत, स्वस्त आणि इंजिन लहान. त्याचा पहिला गिअर सुमारे ३.९५, लो २.२८ आणि धुरा ४.१०, म्हणजे एकूण ३७. धोंड्यांवर हे कमी पडायचं. क्लच दाबून दाबून जळायचा.

पण या टोयोटाच्या ट्रान्सफर केसमध्ये एक गंमत होती. ती आतून साखळीवर नाही, दात्यांच्या चक्रांवर चालते आणि तिचे दोन भाग सुटे होतात. पुढचा भाग मंदावतो आणि मागचा भाग वाटतो. १९९० च्या दशकात तिथल्या हौशी मंडळींनी भंगारातली दुसरी केस आणली, तिचा फक्त पुढचा भाग काढला आणि गिअरबॉक्स आणि मूळ केस यांच्या मध्ये बसवला. दोघांना जोडायला एक जाड पोलादी चकती आणि दातेरी जोडशाफ्ट लागतो. हे जोडसामान तयार विकणाऱ्यांत फ्रेस्नोचं 'मार्लिन क्रॉलर' हे नाव मोठं झालं.

बसवायचं काम साधारण असं चालतं. गाडीखालचे दोन्ही प्रोपेलर शाफ्ट सोडवायचे, आधार देणारा क्रॉसमेंबर काढायचा आणि ट्रान्सफर केस जॅकवर उतरवायची. नवा भाग गिअरबॉक्सला लावायचा आणि त्याच्या मागे जुनी केस. मधला भाग वाढल्याने सगळं सहा-सात इंच मागे सरकतं. म्हणून मागचा शाफ्ट कापून आखूड करायचा आणि पुढचा लांब करायचा. आणि दोन्ही पुन्हा बॅलन्स करून घ्यायचे, नाहीतर गाडी थरथरते. क्रॉसमेंबर नव्या जागी बसवायचा आणि दुसऱ्या दांडीसाठी फरशीला भोक पाडायचं. शेवटी दोन्ही पेट्यांत तेल भरायचं.

आता दोन्ही लो टाकल्या की ३७ चे ८४ होतात. मागच्या पेटीत २.२८ ऐवजी ४.७ ची चक्रं घातली तर १७३. इंजिन ८०० फेऱ्यांवर असताना पहिली गाडी मिनिटाला ५३ मीटर जायची, ती आता ११ मीटर जाते. रांगणारं बाळही हिच्या पुढे जाईल. आणखी एक फायदा म्हणजे पुढची पेटी लो मध्ये आणि मागची दोन चाकांवर ठेवली की पुढच्या धुऱ्यावर ताण न येता हळू वळता येतं.

मग फौजेने हे का घेतलं नाही? इतक्या वर्षांच्या पोस्टिंगनंतर माझं उत्तर असं आहे.

पहिलं कारण जमीन. वाळवंटात आणि नदीपात्रातल्या रेतीत गाडीला लय लागते, फार हळू गेलं तर ती रुतते. बर्फावर तर अति मंद गिअर घातक ठरतो, कारण इंजिन चाकाला इतकं रोखतं की उतारावर चाक घसरायला लागतं. धोंड्यांवर रांगण्याचा प्रसंग आपल्या मोहिमेत येतो, पण तिथे खेचर आणि हमाल पुढे जातात.

दुसरं कारण मोडतोड. जोर दुप्पट-चौपट झाला की साखळीतला पुढचा दुबळा दुवा तुटतो. टोयोटात पुढच्या चाकांचे बर्फिल्ड जोड तुटतात, मग ते मजबूत करा, मग धुरा मजबूत करा. रुबिकॉनवर तुटलं तर मित्र हसतात आणि शेकोटी पेटवतात. डोंगरातल्या एकेरी वाटेवर एक गाडी अडकली तर मागे चाळीस गाड्या थांबतात आणि त्यांत एखादी ॲम्ब्युलन्स असू शकते.

तिसरं कारण माणूस. हौशी माणूस एकच गाडी वर्षानुवर्षं चालवतो. लष्करात आज या हातात, उद्या त्या हातात. दोन दांड्या आणि चार रेंज, हे रात्री दोन वाजता, उणे वीसमध्ये, हातमोजे घालून, कालच रुजू झालेल्या पोराला जमलं पाहिजे.

पण एका लो चं मोल मात्र मी डोंगरात पुरेपूर पाहिलं आहे. साडेसतरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, म्हणून टर्बो नसलेल्या इंजिनची ताकदही निम्म्यावर येते. चढावर ती तूट लो भरून काढतो. उतारावर तो जीव वाचवतो. सिक्कीममध्ये माझ्यासोबत साताऱ्याकडचा एक ड्रायव्हर हवालदार होता. खिंडीच्या माथ्यावर तो गाडी पूर्ण थांबवायचा, लो टाकायचा आणि मगच निघायचा. एकदा नव्या लेफ्टनंटने घाई केली तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "साहेब, ब्रेक तापल्यावर आठवण येऊन उपयोग नाही. निम्म्या घाटात ही दांडी पडत नाही." ते खरंच आहे. असल्या जुन्या केसमध्ये लो टाकायला गाडी थांबलेली लागते.

म्हणून पिकअपला दुसरी केस लावू इच्छिणाऱ्या दोस्तांना माझं सांगणं एवढंच. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येणार नाहीत हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न वेगळाच. पैसे साठवले असतील तर आधी चांगले टायर घ्या, टायरमधली हवा कधी आणि किती कमी करायची ते शिका आणि तुमच्या गाडीत आधीपासून असलेला लो नीट वापरा. कितीतरी फोर बाय फोर मालकांनी ती दांडी किंवा तो खटका शोरूममधून निघाल्यापासून वापरलेलाच नसतो.

पुढच्या उन्हाळ्यात लेह किंवा स्पितीला जाणार असाल तर घरून निघण्याआधी मोकळ्या मैदानात दहा वेळा लो टाकून बघा. आणि घाटात तो माथ्यावरच टाका.

जय हिंद.