शिकवणीचे मास्तर

माझे वडील, म्हणजे आमचे दादा, त्रिकोणाला शेवटपर्यंत ‘मुसल्लस’ म्हणायचे. मी भूमितीचा गृहपाठ करत बसलो की मागे येऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "काय रे, मुसल्लस काढतोयस का?" वर्तुळ म्हणजे ‘दायरा’. लहानपणी आम्हाला याचं हसू यायचं. पुढे इतिहास शिकवायला लागल्यावर कळलं की त्या दोन शब्दांत आमच्या शहराचा अर्धा इतिहास बसलाय.

हे सगळं आठवायचं कारण माझा एक जुना विद्यार्थी. तो मुकुंदवाडीकडे रिक्षा चालवतो. दोन-तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तो घरी आला आणि म्हणाला, "सर, पोरीसाठी मोबाईलवरची शिकवणी लावली, आता फसलोय असं वाटतंय. भरवशाचं कोण असतं हो यात?" त्याला काय सांगावं हे मला पटकन सुचेना. तो गेल्यावर मात्र दादांचे मौलवीसाहेब आठवले. त्यांच्याबद्दल आधी सांगतो, रिक्षावाल्याकडे मग येऊ.

दादा शिकले ते १९३०-४० च्या काळात. तेव्हा औरंगाबाद निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. घरात, गल्लीत, गुलमंडीच्या बाजारात सगळीकडे मराठी आणि सरकारी शाळेत शिरलं की गणितापासून भूगोलापर्यंत सगळं उर्दूत. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी देशी भाषेतून द्यायचं, हा त्या काळी मोठाच प्रयोग होता. त्यासाठी भाषांतराचं स्वतंत्र खातं काढून शास्त्रांची पुस्तकं उर्दूत आणली गेली. कौतुक करावं असंच काम, फक्त आमच्या पोरांच्या घरची भाषा ती नव्हती. मराठी मुलांची सोय व्हावी म्हणून शहरातल्या मंडळींनी १९१५ मध्ये सरस्वती भुवन सुरू केली होती. पण ज्याला पुढे सरकारी नोकरी करायची, त्याला उर्दू पक्कं हवंच. दादा सरकारी शाळेत होते आणि उर्दूत सपशेल कच्चे होते.

आजोबा गुलमंडीवर एका कापड दुकानात हिशेब लिहायचे. मोडी आणि मराठी उत्तम, उर्दूचं अक्षर ओळखत नव्हते. आता विचार करा, जो विषय आपल्याला स्वतःला येत नाही, त्याचा मास्तर चांगला की वाईट हे बापाने ठरवायचं कसं? आजोबांनी तिघांना विचारलं. एक दुकानाचे मालक, दुसरे कचेरीतले एक कारकून आणि तिसरा ज्याच्या मुलाला आधी शिकवणी होती असा शेजारी. तिघांनी शहागंजाकडच्या एकाच मौलवीसाहेबांचं नाव सांगितलं. तिघांपैकी कुणालाही त्यातून एक दमडी मिळणार नव्हती, हे आजोबा मला मुद्दाम सांगायचे.

फी ठरली महिना दोन रुपये, तेही हाली शिक्क्याचे. हाली म्हणजे निजामाचं स्वतःचं नाणं. शिकवणी व्हायची आमच्या वाड्याच्या ओसरीवर, दार सताड उघडं. आजोबा दुकानातून येऊन खांबाला टेकून सुपारी कातरत बसायचे. मी एकदा त्यांना विचारलं, "तुम्हाला तर उर्दू येत नव्हतं, मग ऐकत काय होता?" ते म्हणाले, "अरे, पोरगं विचारतंय की गप्प बसलंय, मास्तर समजावतोय की नुसता बोलतोय, हे कळायला उर्दू कशाला लागतं?"

याच शहरात मौलवी अब्दुल हक राहत होते, हेही सांगायला हवं. उर्दूवाले ज्यांना ‘बाबा-ए-उर्दू’ म्हणतात ते हेच. ते इथे शिक्षण खात्यात होते, पुढे इथल्या कॉलेजचे प्राचार्य झाले, आणि अंजुमन तरक्की-ए-उर्दूचा कारभार त्यांनी बरीच वर्षं औरंगाबादेतून चालवला. एवढा मोठा माणूस गावात होता. पण आमच्या दादांना तारलं ते शहागंजच्या त्या नाव नसलेल्या मौलवीसाहेबांनी.

पुढे १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. चित्र उलटं झालं. आता मराठी कच्चं असणं अडचणीचं ठरायला लागलं. मौलवीसाहेबांचा नातू मराठीत गडबडायचा, त्याला शिकवायला दादा शहागंजला जायचे. पैसे घेत नसत. मौलवीसाहेब तेव्हा म्हातारे झाले होते, पण शिकवणी चालू असताना खाटेवर बसून ऐकत असायचे म्हणे!

अर्थात हे सगळं ज्यांच्या घरी ओसरी होती आणि महिन्याला दोन रुपये निघत होते त्यांचं. ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी अक्षर गिरवलं नव्हतं, त्यांनी कुणाला विचारायचं? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली इथे कॉलेज काढलं, तेच आपलं मिलिंद. १९५१ मध्ये त्याची कोनशिला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली. तिथे शिकलेले माझे काही सहकारी होते. त्यांच्या बोलण्यात वसतिगृहाचा आणि संध्याकाळी खोलीवर बोलावून अडलेलं समजावणाऱ्या प्राध्यापकांचा उल्लेख हमखास यायचा. शिकवणीचा मास्तर परवडत नाही त्याला संस्थेनेच मास्तर पुरवायचा, असं ते होतं.

मधली वर्षं भराभर सांगतो. नवनीत प्रकाशन १९५९ सालचं. पुढे गाईड आणि ‘अपेक्षित’ प्रश्नसंच घरोघरी पोचले आणि गरीब पोरांचा मास्तर पुस्तकाच्या दुकानात मिळायला लागला. (आम्ही शिक्षक वर्गात गाईडला शिव्या द्यायचो आणि घरी जाऊन त्यातूनच प्रश्न काढायचो. आता निवृत्त झालोय, कबूल करायला हरकत नाही.) मग लातूर पॅटर्नचा बोलबाला झाला, सायकलींच्या रांगा शाळेपेक्षा क्लासबाहेर लांब दिसायला लागल्या. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २८ ने शाळेतल्या शिक्षकाला खाजगी शिकवणी घ्यायला बंदी केली. बंदी योग्यच आहे. वर्गात अर्धवट शिकवून घरी पूर्ण करणारे महाभाग मी पाहिलेत, आणि बायकोच्या नावाने क्लास चालवणारेही. पण त्यामुळे झालं असं की मुलाला रोज पाहणारा, त्याची खोड ओळखणारा माणूसच शिकवणीसाठी विचारता येईना. डॉक्टरला नोंदणी क्रमांक असतो, वकिलाला सनद असते. शिकवणीच्या मास्तरला यातलं काहीच नाही. आज पाटी लावली की उद्यापासून सर.

आता दुरून शिकवणीकडे येतो. दूर बसून शिकवणं हेच मुळात संशयास्पद, असं माझं आधी मत होतं. ते बदललं. २००४ मध्ये अमेरिकेत बोस्टनला राहणाऱ्या सलमान खान यांनी (सिनेमातले नव्हेत!) न्यू ऑर्लिन्सच्या आपल्या नात्यातल्या लहान बहिणीला (कझिनला), नादियाला, फोन आणि इंटरनेटवरून गणित शिकवायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे खान अकॅडमी झाली. २००५ मध्ये बंगळूरला ट्यूटरव्हिस्टा नावाची कंपनी निघाली. आपल्याकडचे शिक्षक घरी बसून अमेरिकेतल्या मुलांना शिकवायचे, महिन्याला साधारण शंभर डॉलरमध्ये हवं तितकं. म्हणजे परक्या, न पाहिलेल्या मास्तरवर आधी विश्वास ठेवला तो तिकडच्या आईबापांनी आणि ते मास्तर आपले होते.

त्याहून मला आवडली ती आज्यांची गोष्ट. प्रा. सुगत मित्रांनी २००९ मध्ये इंग्लंडमधल्या लोकांना आवाहन केलं, की आठवड्यातून थोडा वेळ स्काईपवर भारतातल्या मुलांशी बोला, गोष्टी वाचून दाखवा. निवृत्त शिक्षिका त्यात बऱ्याच होत्या, म्हणून त्याला ‘ग्रॅनी क्लाऊड’ नाव पडलं. मित्रांना २०१३ चं टेड पारितोषिक मिळालं. त्यातून उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळांपैकी एक आपल्या फलटणला झाली, प्रगत शिक्षण संस्थेत. तिथेही मुलं घोळक्यानं पडद्यासमोर बसत. एकटं पोर आणि एकटी आजी असा मामला नसे. ओसरीच की ही!

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. त्या वर्षी २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झालं, पहिली ते आठवीसाठी, बालभारतीच्या पुस्तकांवर आधारलेलं. फुकट आणि सगळ्यांना दिसणारं. पण टीव्ही शंका ऐकून घेत नाही. ती पोकळी भरायला कंपन्या आल्या. त्यातल्या सगळ्यांत मोठीचं, बायजूजचं, नाव २०१९ पासून क्रिकेट संघाच्या जर्सीवर होतं. जुलै २०२४ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. आमच्या रिक्षावाल्याच्या प्रकरणाशी तिचा काही संबंध नाही, त्याची कंपनी वेगळी होती. तिचं नाव मी लिहीत नाही.

त्याच्याकडे झालं ते असं. एक टाय घातलेला मुलगा घरी आला. नववीतून दहावीत गेलेल्या पोरीची पंधरा मिनिटं ‘चाचणी’ घेतली आणि आईबापांसमोर सांगितलं, "बेसिक फार वीक आहे." पोरगी रडायला लागली. बापाने फोन हातात दिला, त्यावर दोन-चार ठिकाणी बोट लावलं गेलं, दुसऱ्या आठवड्यात टॅबलेट आला. पहिल्या महिन्यात बँकेतून ३,२०० रुपये आपोआप गेले, तेव्हा कळलं की ती फी नव्हती, कर्जाचा हप्ता होता.

मी टॅबलेट उघडून बसलो. मला दहावीचं गणित येत नाही, पण अनुक्रमणिका वाचता येते. पोरगी आपल्या बोर्डाची, मराठी माध्यमाची. टॅबलेटमधला अभ्यासक्रम सीबीएसईचा, बोलणं इंग्रजीत. आपल्या पुस्तकातला ‘अर्थनियोजन’ हा जीएसटी आणि शेअरचा धडा त्यात नव्हताच. पोरीला शिकायचा होता तो धडा नाही आणि बापाला मात्र अर्थनियोजनाचा चांगलाच धडा मिळाला!

केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाने २३ डिसेंबर २०२१ ला अशा कंपन्यांबाबत पालकांना सावध करणारी सूचना काढली होती. खात्यातून आपोआप पैसे जाण्याला परवानगी देऊ नका, न कळलेल्या कर्जावर सही करू नका, यशाच्या जाहिराती पडताळल्याशिवाय खऱ्या मानू नका, मुलांचे फोटो-व्हिडिओ देऊ नका, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. ती सूचना रिक्षावाल्यापर्यंत पोचली नाही, माझ्यापर्यंतही नाही. विकणारा मात्र तिसऱ्या गल्लीतल्या घरापर्यंत पोचला. पुढे जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली, नोव्हेंबर २०२४ मध्ये फसव्या जाहिरातींबद्दलची. उशिरा का होईना, आली.

आम्ही बँकेत लेखी अर्ज दिला, ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली, कंपनीला तीन पत्रं पाठवली. पाच हप्ते गेल्यावर कर्ज बंद झाल्याचं पत्र आलं. गेलेले सोळा हजार परत आले नाहीत. रिक्षावाल्याचे सोळा हजार म्हणजे काय ते मी वेगळं सांगत नाही.

मास्तर शोधायचं काम अजून बाकीच होतं. मग मी आजोबांसारखं केलं, तिघांना विचारलं. आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या एक बाई मुलाकडे नाशिकला राहतात. त्यांचं नाव दोघांनी घेतलं, तिसऱ्याने घेतलं नाही, पण तिसरा त्यांच्याशी एकदा भांडलेला होता हे मला ठाऊक होतं. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "शिकवेन, पण आधी आठवडाभर बघू. पोरीला माझं पटलं नाही तर पैसे नकोत. आणि फोन आतल्या खोलीत ठेवायचा नाही, बैठकीत ठेवा." ही अट मी घालणार होतो, ती त्यांनीच घातली. माझा निम्मा निर्णय तिथेच झाला.

पहिल्या दिवशी मी जाऊन बसलो. बाईंनी ‘समरूपता’ काढली. दहा मिनिटं समजावून झाल्यावर म्हणाल्या, "आता तू मला शिकव." पोरगी अडखळली, मग बोलायला लागली. चुकली तेव्हा बाई थांबल्या, बरोबर उत्तर लगेच सांगितलं नाही. मला त्यातलं निम्मंही कळलं नाही. पोरगी विचारत होती, एवढं कळलं. तिची आई दारात भाजी निवडत होती.

दहावीला तिला गणितात शंभरपैकी ६४ मिळाले. पेढे घेऊन बाप आला तेव्हा म्हणाला, "सर, धाकट्यालाही बाईंकडे लावलाय, सहावीचा आहे. बाई रोज सुरुवातीला विचारतात, आई बसल्या का हो? त्या बसल्याशिवाय पाठ सुरूच करत नाहीत." टॅबलेट कंपनीने काही परत नेला नाही. तो त्यांच्या फ्रीजवर पडून आहे, चार्जरसकट.