लाकडाचा ठोकळा

सियालदहहून गाडी सुटते आणि लगेच तुमच्या डोळ्यात कोळशाची कणी जाते. चोळू नका, वाढतं. दोन महायुद्धांच्या मधली वर्षं आहेत. समोर धोतर नेसलेले कारकून पानाचे डबे उघडून बसलेत. शेजारच्या आजोबांनी त्यांची पत्र्याची ट्रंक अर्धी तुमच्या मांडीवर ठेवलीय आणि ते घोरतायत.

दमदम. उतरू नका, नुसतं खिडकीतून बघा. इथल्या शस्त्रागारात १८९०च्या दशकात थ्री-नॉट-थ्रीच्या गोळीचं टोक उघडं ठेवून पाहिलं, अंगात शिरताच ती फुलावी म्हणून. १८९९ला हेगच्या परिषदेनं तसल्या गोळीवर बंदी घातली, पण गावाचं नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. त्याच्या कितीतरी आधी, १८५७च्या जानेवारीत, याच दमदममध्ये चरबीच्या काडतुसाची कुजबुज सुरू झाली होती. पुढं बराकपूर: २९ मार्च, मंगल पांडे. मग पलता. मग तुमचं स्टेशन. इंग्रजांचं ‘इशापूर’, लोकांच्या तोंडी ‘इछापुर’. काडतुसाचा इतिहास एका पॅसेंजर गाडीत उरकता येतो, असा दुसरा रेल्वेमार्ग मला तरी ठाऊक नाही.

हुगळीच्या काठी तागाच्या गिरण्यांचे भोंगे वाजतायत. इथं आधी कंपनी सरकारचा बंदुकीच्या दारूचा कारखाना होता. १९०४ पासून रायफलींचा कारखाना आहे. शेडमध्ये शिरताच नाकात तीन वास येतात: तापलेलं लोखंड, साबणाचं पाणी आणि दस्त्यांना चोळलेलं अळशीचं तेल. तिसरा वास घरी न्यावासा वाटेल.

मिस्त्री तुमच्याकडे बघून म्हणतो, “आइए बाबू,” आणि एक ली-एनफिल्ड हातात देतो. जड आहे, चार किलोच्या आसपास. दस्त्यावर जुन्या आदळआपटीचे व्रण आहेत. बोल्ट काढून तो नळी खिडकीकडे धरायला सांगतो. एक डोळा मिटा. आत उजेडाची पाच वळणं डावीकडे फिरत दूर जातात. हेच ते आटे. गोळीला गरगर फिरवतात, म्हणून ती वाट सोडत नाही. क्षणभर हातातल्या वस्तूचा वापर विसरायला होतो.

मग मिस्त्री ती नळी यंत्रावर चढवतो. सुरुवातीला करकर, मग एकसुरी घरघर. लोखंडाचा कीस साबणाच्या पाण्याबरोबर वाहून येतो. ७.७ मिलिमीटरचं भोक १०.४ मिलिमीटरचं होतं. पुन्हा खिडकीकडे धरून बघा. एकही वळण उरलेलं नाही. नुसता गुळगुळीत नळ, पलीकडे खिडकी.

“दादा, इसमें खराबी क्या थी?” तुम्ही विचारता.

“कुछ नहीं, बाबू.”

याचं उत्तर मघाशी मागे टाकलेल्या बराकपुरात आहे. १८५७नंतर देशी शिपायांसाठी एनफिल्डच्या नळ्या अशाच गुळगुळीत करून घेतल्या गेल्या. गोऱ्या पलटणीला नवी बंदूक आली की तिची जुनी देशी पलटणीला, हा शिरस्ता पुढं कित्येक वर्षं चालला. आता पाळी पोलीस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांची. जमाव पांगवायला छर्रे पुरतात, लांबचा नेम कशाला? आणि उद्या बंदूक पळवली गेली, किंवा पहारेकऱ्यानंच तोंड फिरवलं, तर?

त्यासाठी काडतूसही वेगळं आहे. मिस्त्री दोन पुंगळ्या शेजारी उभ्या करतो. एक थ्री-नॉट-थ्रीची, वर गळा आवळलेली. बुडावर ‘के एफ’ ठसा. म्हणजे खडकी! पुण्यापासून इतक्या दूर आपल्या खडकीची पुंगळी भेटल्यावर जरा बरं वाटतं. दुसरी तिचीच बहीण, फक्त गळा आवळायचा राहून गेलाय, सरळ वरपर्यंत. बूड तेच, काठ तोच, म्हणून बोल्टला हात लावावा लागत नाही. आणि बंदूक झाली ‘.४१० मस्केट’. दुकानात मिळणारं शिकारीचं .४१० काडतूस हिच्यात घालून बघा. जात नाही, बुडाशी जाड पडतं. सरकारनं काडतुसं दिली नाहीत की बंदुकीची काठी झाली. हिशेब कपटी आहे, पण कारागिरी म्हणून दाद द्यावीच लागते.

उरलं मॅगझिन. त्यात दहा गोळ्या मावायच्या. मिस्त्री लाकडाचा एक ठोकळा उचलतो, आत बसवतो, अंगठ्यानं दाबतो. आता एका वेळी एकच काडतूस, हातानं ठेवायचं. अख्ख्या शेडमधली ही सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि सगळ्यात उघड बोलणारीही.

डोळे मिटा. उघडा. साल १९६५.

शेड तीच, भोंगे तेच, फक्त भिंतीवरचा राजा गेलाय. जुन्या मस्केटी देशभर पोलिसांच्या शस्त्रागारांत अजून आहेत. साहेब गेला म्हणून कुणी त्यांच्यात आटे पाडत बसलं नाही. साहेबाची सवयही आपण ठेवूनच घेतली: लष्करी बोअर सामान्य माणसाला नाही. गावाकडे कुणाच्या परवान्यावर तीनशे पंधरा बोअरची रायफल असेल तर नीट बघा, सांगाडा याच एनफिल्डचा, काडतूस मात्र दुसरं.

पण आज टेबलावर वेगळंच काही आहे. १९६२च्या युद्धानंतर सैन्याला ७.६२च्या रायफली हव्यात, त्या झटपट पुरत नाहीत, म्हणून इछापुरानं जुन्याच आराखड्यावर नवी रायफल घडवलीय. या काडतुसाचा दाब जास्त, त्यामुळे जुन्या बंदुकांच्या नळ्या बदलून भागवलेलं नाही. पोलादच अधिक मजबूत घेतलंय. मिस्त्रीही नवा आहे, तरुण. तो रायफल पुढं करतो. तुम्ही नळी उजेडाकडे धरता. वळणं आहेत.

मग सवयीनं तुमचा अंगठा मॅगझिनमध्ये जातो, ठोकळा शोधत. आत फक्त स्प्रिंगवरची पट्टी. दाबली की खाली जाते.

“बारह,” तो म्हणतो.